सालगड्याचें घर आणि मालकाची उचल

पाडवा महिन्यावर आला, कीं आमच्या हसनाबादेंत चार कास्तकार जेथें बसतील तेथें एकच गाऱ्हाणें ऐकूं येतें, तें हें कीं गडी मिळत नाहीं. मिळाला तर साल ठरण्यापूर्वीं उचल मागतो, आणि उचल घेतल्यावर टिकत नाहीं. कोणी याचें खापर स्वस्त धान्याच्या दुकानावर फोडतो, कोणी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांवर, तर कोणी कलियुगावर. पहिल्या दोन कारणांत थोडथोडें तथ्य असेलही. तिसऱ्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. परंतु गडी जी उचल मागतो ती कशासाठीं मागतो, हें विचारण्याची तसदी आपल्यापैकीं फारच थोडे घेतात. आम्हीं विचारून पाहिलें. कोणास मुलीचें लग्न काढावयाचें होतें, कोणास दवाखान्याचें देणें होतें. परंतु पुन्हां पुन्हां जें उत्तर कानीं आलें तें एकच : घर अर्धें राहिलें आहे.

आम्ही पंडित नव्हों. सातवी उत्तीर्ण होऊन महसूल खात्यांत प्रथम शिपाई म्हणून लागलों, पुढें कारकून झालों, आणि आतां आपल्या अकरा एकरांत परत आलों आहों. मजुरांच्या घरांविषयीं मोठ्या शहरांत विद्वान लोक लिहितात. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. तथापि आयुष्य दप्तरांत गेल्यामुळें कोणाचें घर कोणत्या कागदावर आहे व कोणाचें कोठेंच नाहीं, एवढें आम्हांस कळतें. आणि या मासिकाचे वाचक बहुतेक मालकच असल्यामुळें चार शब्द त्यांच्यापुढें ठेवणें आम्हांस आपलें काम वाटतें. कारखानदारानें मजुरास घर द्यावें असा ठराव आला तर आपला हात लगेच वर होतो. आपणही मजूर ठेवतों, हें त्या वेळीं आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

आपल्या भागांत सालगडी दोन ठिकाणीं राहतो. एक तर मालकाच्या मळ्यांत, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलींत, बैलांच्या शेजारीं. नाहींतर गांवाच्या कडेस, वडिलांच्या जुन्या माळवदाच्या घरांतील वांट्यास आलेल्या एका खणांत. पहिली सोय मालकास फार मानवते. वीज रात्रीं येते, मोटार चालू करावयास माणूस जागेवर. रानडुकरें हांकलावयास माणूस जागेवर. कायद्यासही ती मान्य आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत शेतघराची जी व्याख्या आहे, तिच्यांत अवजारें, वैरण व गुरें यांच्या निवाऱ्याबरोबर धारकाच्या कुटुंबाच्या व नोकरांच्या राहण्याची इमारतही येते. म्हणजे गड्याची खोली बेकायदा नाहीं. परंतु ती मालकाच्या शेताचा एक भाग आहे, जसा गोठा. सात-बाऱ्यावर मालकाचें नांव आहे, आणि ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या नमुन्यांत त्या खोलीची नोंद नाहीं. तींत राहणाऱ्याचें नांव शोधावयाचें तर तें मतदारयादींत व शिधापत्रिकेवर सांपडतें, जागेच्या कोणत्याही कागदावर सांपडत नाहीं.

आमच्या नोकरीच्या काळांत एका गांवच्या जमिनीच्या वांटणीचें प्रकरण आमच्या मेजावर आलें होतें. गांवाचें नांव घेत नाहीं. तीन भावांत गट फुटला व विहिरीजवळील तुकडा धाकट्याकडे गेला. त्या तुकड्यावरील खोलींत बावीस वर्षें राहणारा गडी मोजणीच्या दिवशीं खुणेचे दगड उचलून देत होता. धाकट्या भावास गडी नको होता. भांडण झालें नाहीं, कोणीं कोणास शिवी दिली नाहीं. बैलगाडींत दोन पेट्या, शिवणयंत्र व भांडीं घालून आणि मागें शेळी बांधून तें कुटुंब गांवांत बहिणीच्या ओसरीवर आलें. पुढें त्यानें घरकुलाचा अर्ज केला, तेव्हां त्यास पहिला प्रश्न विचारण्यांत आला तो, तुझी जागा कोठें आहे? बावीस वर्षें ज्या जागेवर तो राहिला ती त्याची नव्हती. आमच्या कागदांत चूक एकही नव्हती. तें प्रकरण अत्यंत व्यवस्थित निकालांत निघालें.

मजुराच्या घराचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न नवा नाहीं, आणि त्यांत कापूस पिकविणाऱ्याचा पैसाही पूर्वींच लागून गेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२० सालीं मुंबईंत गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता, आणि त्या खर्चास हातभार म्हणून शहरांत येणाऱ्या कापसावर गांठीमागें एक रुपया जकात बसविण्यांत आली. हा रुपया गिरणीवाल्यानें भरला असें म्हणावयाचें; परंतु व्यापारी असा रुपया शेवटीं कोणाच्या भावांतून कापतो, हें आपणांस मोंढ्यांत कोणीं शिकवावें लागत नाहीं. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, प्रत्येकींत ८० खोल्या, म्हणजे सुमारें साडेसोळा हजार. ५०,००० चा संकल्प तेथेंच थांबला. खोल्या झाल्या तरी पहिलीं कांहीं वर्षें त्यांतील पुष्कळ रिकाम्याच राहिल्या, कारण भाडें मजुरास परवडत नव्हतें व सोयीही धड नव्हत्या. पुढें त्याच चाळींत पिढ्या नांदल्या हें खरें. परंतु राहणाऱ्याचा हक्क भाडेकऱ्याचाच राहिला. आतां शंभर वर्षांनीं त्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, तेव्हां कोठें त्यांतील कुटुंबांस मालकीचें घर मिळूं लागलें आहे.

मालकानें स्वतः घरें बांधल्याचें उदाहरण पाहिजे असेल तर तेंही दूर नाहीं. ज्यांचा लोखंडी नांगर आपल्या आजोबांनीं चालविला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं बेळगांवाहून आपला कारखाना औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळील माळावर आणला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं जागा दिली. निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर यंत्रांबरोबर माणसांच्या बिऱ्हाडांचीही सोय करावी लागली, आणि किर्लोस्करवाडी हें गांवच वसलें. पुढें इंदापूर तालुक्यांत साखरेच्या कारखान्याभोवतीं वालचंदनगर तसेंच वसलें. ज्यांनीं तीं वसविलीं त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. माळावर माणूस आणावयाचा तर त्याच्या बायकामुलांची व्यवस्था आधीं पाहावी लागते, हें त्यांस उमगलें होतें. परंतु अशा वसाहतींतील घर सामान्यतः नोकरीबरोबर येतें व नोकरीबरोबरच जातें. ज्याची नोकरी तीस वर्षांची आहे आणि शेवटीं फंड व ग्रॅच्युइटी ज्याच्या हातीं पडावयाची आहे, त्यास हें चालून जातें. सालगड्याची नोकरी एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंतची. त्यास नोकरीचें घर देणें म्हणजे त्याच्या डोक्यावरचें छप्पर दर वर्षीं नव्यानें ठरावयास ठेवणें होय.

म्हणून आम्हांस सोलापूरच्या विडी-कामगार स्त्रियांचें उदाहरण अधिक जवळचें वाटतें. १९७६ च्या कायद्यांनीं विड्यांवर उपकर बसला, व त्यांतून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरें यांस मदत होऊं लागली. वस्तु व सेवा कर आल्यावर २०१७ सालीं तो उपकर बंद झाला. त्यापूर्वींच सोलापूरजवळ कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेनें या स्त्रियांचीं १०,००० घरें उभीं केलीं होतीं. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें त्यांचें वांटप झालें. केंद्र सरकारची मदत, राज्य सरकारची मदत व कामगार स्त्रीचा स्वतःचा वांटा, असे तीन हात त्या घरांस लागले. पुढाकार नरसय्या आडम मास्तरांचा. पुढें त्याच धर्तीवर रे नगरांत ३०,००० घरांची योजना झाली व तींतील १५,००० घरें जानेवारी २०२४ मध्यें पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें देण्यांत आलीं. मास्तरांचा लाल बावटा आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, आम्हांसही त्यांचें सगळेंच रुचतें असें नाहीं. परंतु घराच्या कागदावर विडी वळणारीचें नांव आहे, आणि उद्यां तिनें कारखाना बदलला तर तिला घर सोडावें लागत नाहीं, एवढेंच आम्ही पाहतों.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. खेड्यांतील गरिबास घरासाठीं सरकारची मदत असतां मालकानें मध्यें हात कां घालावा, असें कोणी विचारील. २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजनेचें ग्रामीण अंग सुरू झालें, तेव्हां सपाट प्रदेशांत एका घरास १,२०,००० रुपये, शिवाय रोजगार हमींतून ९० दिवसांची मजुरी व शौचालयाचे १२,००० असा हिशेब ठरला. घर किमान २५ चौरस मीटरांचें. ज्यास जागाच नाहीं त्यास राज्य सरकारनें २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाच्या योजनेंतून जागाखरेदीस प्रथम ५०,००० पर्यंत मदत देऊं केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांस रमाई, आदिवासींस शबरी, अशाही योजना आहेत. ही मदत खरी आहे व लहान नाहीं. परंतु ती हप्त्यांनीं येते, आणि मागचें काम झाल्याची पाहणी होईपर्यंत पुढचा हप्ता सुटत नाहीं. जोतें झालें नाहीं तर भिंतींचे पैसे नाहींत. भिंती चढल्या नाहींत तर स्लॅबचे नाहींत. ज्याच्याजवळ अगोदर घालावयास पैसा आहे त्यास हा क्रम उत्तम आहे. ज्याच्याजवळ नाहीं तो वीटभट्टीवाल्याकडे, सावकाराकडे किंवा मालकाकडे जातो, आणि मालकाकडे गेला कीं त्या पैशाचें नांव उचल होतें.

उचल घेतली कीं पुढील साल त्याच मालकाकडे, मालक म्हणेल त्या रकमेस. साल कमी ठरल्यामुळें फेड होत नाहीं; फेड न झाल्यामुळें बाकी पुढल्या पाडव्यास ओढली जाते. कर्जाच्या पायीं माणसास दुसरीकडे कामास जाऊं न देणें हें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. ही गोष्ट आपण चावडींत बोलत नाहीं, कारण आपल्यापैकीं पुष्कळांच्या वहींत तसें एखादें पान असतें. आमच्या वहींतही होतें.

आमच्या गड्यास घरकुल मंजूर झालें आणि काम जोत्याखालींच थांबलें. त्यानें ३०,००० रुपये मागितले. आम्हीं दिले, आणि रीतीप्रमाणें सालाच्या खात्यावर लिहिले. पुढल्या पाडव्यास शेजारच्या शिवारांतील एका कास्तकारानें त्यास अधिक साल देऊं केलें, तेव्हां तो विचारावयास आला. आम्ही म्हणालों, "आधीं तीस हजार ठेव, मग खुशाल जा." तो थोडा वेळ उभा राहिला व म्हणाला, "भाऊसाहेब, म्हंजी ते घर तुमचंच झालं की." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आंत जेवावयास गेलों तर घरांतूनही तोच प्रश्न आला : "गड्यानं काय खोटं सांगितलं?" त्या रात्रीं आम्हांस तें वांटणीचें प्रकरण आठवलें. मालकाच्या शेतांतील खोली आणि मालकाच्या वहींतील उचल यांत आम्हांस आतां फारसा फरक दिसेना. एकींत घर मालकाचें असतें. दुसरींत घर गड्याचें असून गडी मालकाचा असतो.

दुसरे दिवशीं आम्हीं ती रक्कम सालाच्या खात्यांतून काढली व साधी चिठ्ठी दोन प्रतींत लिहिली. घरासाठीं ३०,००० दिले, व्याज नाहीं, फेड दरमहा ५०० रुपये, गडी काम कोणाकडेही करो, या रकमेचा त्याच्या सालाशीं संबंध नाहीं. त्यानें वाचून सही केली, आणि त्या वर्षीं तो आमच्याकडे राहिला नाहीं.

खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला होता. सोयाबीनच्या काढणीस रोजंदारीचीं माणसें शोधतांना तो आणखी वाढला. पैसे देऊन माणूस गमावला, असें दोघां-तिघांनीं तोंडावर ऐकविलें. साडेतीन वर्षें झालीं. मधले चार महिने चुकले, ११,००० बाकी आहेत. त्याचा मोठा मुलगा जालन्यास कारखान्यांत जातो व तेथें खोली करून राहतो. बाकीचें कुटुंब गांवांतच आहे, कारण घर गांवांत आहे. कापसाच्या वेचणीस त्याची बायको व भावजय आमच्या शेतांत येतात. त्या उपकाराच्या भावनेनें येतात कीं आम्ही रोख मजुरी देतों म्हणून येतात, हें आम्हांस ठाऊक नाहीं, व त्यांस विचारण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं.

यांत मालकाचा फायदा काय, असें विचारणारास आम्ही एवढेंच सांगूं शकतों कीं गडी टिकेल अशी हमी यांत मुळींच नाहीं. ज्यास ती हमी पाहिजे त्याला घर बांधून द्यावयाचेंच नसतें, गडी बांधून ठेवावयाचा असतो. तोटा मात्र मोजतां येतो. ३०,००० चें शेंकडा १२ नें पहिल्या वर्षाचें व्याज ३,६०० रुपये होतें. अळी न मेलेल्या एका फवारणींत आपण याहून अधिक घालवितों व कोणास सांगतही नाहीं. मात्र ज्याचें स्वतःचें माळवद गळतें व ज्याच्या डोक्यावर बँकेचें कर्ज आहे, अशा दोन-तीन एकरवाल्यास आम्ही हें सांगत नाहीं. असे कास्तकार आपल्यांत थोडे नाहींत, आणि त्यांतील कित्येक हंगामाबाहेर स्वतःच मजुरी करतात.

शिवाय मदत रोखच पाहिजे असें नाहीं. घर बांधणाऱ्यास नेमकें काय नडतें तें पाहावें. उन्हाळ्यांत भिंतींवर पाणी मारावयास गांवांत पाणी नसतें. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यानें एक टांकी रोज भरून द्यावी. वीट, खडी व वाळू आणावयास ट्रॅक्टरची ट्रॉली डिझेलच्या खर्चांत द्यावी. स्लॅब पडावयाच्या दिवशीं गड्यास पगारी रजा द्यावी. आम्हीं ती दिली नव्हती, कारण त्याच दिवशीं मक्याची मळणी होती, आणि आतां वाटतें मळणी एक दिवस थांबली असती. कागदांचें काम तर आणखी सोपें आहे. ज्याला नमुना आठचा उतारा, बँकेचें खातें व अर्जाची पोंच सांभाळावयास येते, असा एक तरी माणूस प्रत्येक मालकाच्या घरीं असतो.

जागेची गोष्ट तेवढी अवघड. गांवठाणांत जागा उरली नाहीं, आणि शेतांतील लहान तुकडा विकूं म्हटलें तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येई. आमच्या मेजावरून अशा कित्येक गरजूंस आम्हींच परत पाठविलें आहे. २०२४ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनें लहानसा तुकडा देण्याची वाट मोकळी झाली. तेव्हां ज्याचें शेत गांवालगत, रस्त्यावर आहे, त्यानें धुऱ्याकडेचा एक लहानसा तुकडा वाजवी किंमतींत गड्याच्या व त्याच्या बायकोच्या नांवें करून देण्याचा विचार करावा. खरेदीखत मात्र रीतसर नोंदवावें. तोंडी दिलेली जागा बापाच्या शब्दावर चालते व मुलांच्या वांटणींत बुडते, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

शेवटीं आपल्या संस्थेपुढें एक सूचना. ऊसतोड मजुरांच्या कल्याणासाठीं गोपीनाथराव मुंडे यांच्या नांवाचें महामंडळ झालें, तेव्हां कारखान्यांनीं टनामागें १० रुपये व सरकारनें तितकेच द्यावे असें ठरलें. कापसाच्या गांठीनें पूर्वीं रुपया दिला, विडीनें उपकर दिला, ऊस देतो आहे. आपला मका व सोयाबीन मात्र ज्यांच्या हातून घरीं येतो त्यांच्या घरासाठीं कांहीं देत नाहीं. सभासदांनीं खुशीनें क्विंटलमागें ५ रुपये निराळे ठेवावे व त्या निधींतून घरकुलाचा हप्ता येईपर्यंत मजुरास बिनव्याजी रक्कम मिळावी. ती मालकाच्या हातून जाऊं नये, संस्थेकडून परभारें सिमेंटच्या व विटांच्या दुकानदारास जावी, म्हणजे ती कोणाच्या सालाच्या खात्यावर चढणार नाहीं. निधि म्हटला कीं ओळखीचीं माणसें आधीं रांगेंत येतात, याचाही अनुभव आम्हांस आहे. म्हणून कोणास किती दिले व किती परत आले, ही यादी दर वर्षीं सर्वसाधारण सभेंत मोठ्यानें वाचली जावी, आणि त्या सभेस मजुरांनाही बसूं द्यावें.

हा ठराव पाडव्यापूर्वींच्या सभेंत मांडण्याविषयीं आम्हीं चिटणिसांस लेखी कळविलें आहे. चिठ्ठीचा नमुना ज्यांस पाहिजे असेल त्यांनीं हसनाबादेस आमच्या घरीं सायंकाळीं यावें. नक्कल करून देऊं.